रुपयाएवढी रबरी वाटी

नाशिक, ८ सप्टेंबर २०२५

ती. खंडेरावमामांना नमस्कार.

फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवता, म्हणून लिहिते आहे. मोतीराम कांदा उतरवून पिकअप रिकामी घेऊन विंचूरला निघालाय, त्याच्या हाती देते. दोनदा वाचा, मगच उत्तर द्या.

आबांची फियाट जवळजवळ उभी राहिली. ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे मोठी कामं सोपी आणि बारीक कामं अवघड असं उलटंच आहे. पत्रा ठोकणारे पुष्कळ मिळतात, पण काचेची खिट्टी मिळत नाही. दारांना लागणारं रबर मी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवाल्याकडून आणलं, त्यांच्या खोल्यांच्या दारांना तसंच असतं. तिरप्या काचेची खिट्टी तांबट गल्लीत पितळेची करून घेतली. स्पीडोमीटरची केबल एका मेलेल्या मोपेडची आहे. आमच्या वर्कशॉपचे मालक हर्षलसर म्हणतात, योगिनी म्हणजे नाशिकच्या सगळ्या भंगारवाल्यांची लाडकी भाची.

ब्रेकचं मात्र मी असं जमवून घेणार नाही. प्रत्येक चाकाजवळ एक छोटं सिलिंडर असतं आणि त्यात रुपयाएवढी रबरी वाटी. तुम्ही पाय दाबला की तेल वाटीला ढकलतं, वाटी ब्रेकला ढकलते, गाडी थांबते. एवढ्याशा रबरावर सगळं घर बसलेलं असतं. तुमच्या गाडीतल्या वाट्या गुलाबजामासारख्या फुगून आत अडकल्या होत्या. कशामुळे फुगल्या ते मला कळायला हवं. ब्रेक आधी कोणी खोलले होते? काही वेगळं झालं होतं का?

नव्या वाट्या मिळत नाहीत. जुन्या दुकानांत पाकिटं आहेत, पण आतलं रबर वाळून खडू झालंय. एका तीनचाकी टेम्पोच्या वाट्या मापाला तंतोतंत जुळतात. त्या मी ब्रेकच्या तेलात बुडवून ठेवल्यात. दोन आठवड्यांनी माप तसंच राहिलं तर घालीन. सर म्हणतात, बसतात ना, मग घाल आणि मोकळी हो. मी थांबणार आहे. तुम्ही रागावलात तरी थांबणार आहे.

तुमची,
योगिनी


विंचूर, १२ सप्टेंबर

चि. योगिनीला आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या मामीनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळं आता सगळ्या आळीला ठाऊक झालं की खंडेरावच्या गाडीत गुलाबजाम निघाले.

तू आपल्या दोन्ही घरांतली पहिली पदवीवाली, अन ती बी इंजिनीअर. मी लासलगावच्या मार्केटात लिलाव थांबवून सांगतो लोकांना. पण इंजिनीअर झाली म्हणून मामाची चौकशी लावायची नसती. ब्रेकला परक्या कुणी हात लावलेला नाय. तेल मी कधी कमी पडू दिलं नाय. दर दसऱ्याला डबी काठोकाठ भरतो, आबांपासूनची, तुझ्या आज्यापासूनची रीत हाय आपली. आणखी काय करायचं माणसानं?

मामीचा भाचा गोरक्ष म्हणतो, हे एका दिवसाचं काम. तो ट्रॅक्टर खोलतो अन जोडतो, त्याला कुठं वाटी भिजत घालावी लागत नाय.

माझ्या सृष्टीचं लग्न डिसेंबरात धरलंय. पहिली पत्रिका वणीच्या गडावर देवीपुढं ठेवायची, अन ती आबांच्या गाडीतूनच न्यायची. दसऱ्याला गाडी दारात पाहिजे.

मामा


नाशिक, २८ सप्टेंबर

ती. मामा,

वर्कशॉपच्या ड्रायव्हरबरोबर गाडी मोतीरामच्या मागे मागे पाठवते आहे. मी स्वतः चालवून पाहिली, म्हसरूळच्या उतारावर आठ-दहा वेळा थांबवून पाहिली. वाट्या तेलात भिजून तशाच्या तशा राहिल्या, म्हणून घातल्या.

दर दसऱ्याला तेल बघता हे वाचून फार बरं वाटलं. इतकी काळजी घेणारं गिऱ्हाईक आम्हाला मिळत नाही. मागच्या वाट्या जुन्या होऊन गेल्या असाव्यात, असं मी धरून चालते.

मामीला सांगा, गुलाबजाम खायला दिवाळीत येते.

योगिनी


विंचूर, २७ ऑक्टोबर

योगिनी,

भाऊबीजेला तू आली नाहीस ते बरं झालं. तोंड दाखवायला जागा राहिली नसती तुला.

त्या दिवशी मामीला माहेरी न्यायला निघालो. लासलगावात मार्केटच्या फाटकापुढं गाडी आपोआप जड झाली. पाय काढला तरी ब्रेक सुटंना. चाकातून धूर. मागं कांद्याचे ट्रॅक्टर, त्यांचे भोंगे, अन मधी मी. ज्या लोकांना मी माझी भाची इंजिनीअर म्हणून सांगितलं होतं त्यांनीच गाडी ढकलली. एक जण म्हणला, खंडेराव, भाचीला म्हणावं आधी सायकल दुरुस्त कर. हसले सगळे. मामी पदर तोंडाला लावून बसली होती.

टेम्पोच्या वाट्या आबांच्या गाडीला. टेम्पोच्या. मी तुझ्या शेठला फोन केला. म्हणलं, पोरीनं टेम्पोचा माल घातलाय, तिला हातोडी देऊ नका. त्यांनी लिहून मागितलं, सृष्टीच्या मोबाईलवरून लिहून दिलं.

मामा


नाशिक, १ नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र मिळायच्या आधी तुमची तक्रार मिळाली. हर्षलसरांनी ती सगळ्यांसमोर वाचली. "पोरीला काम येत नाही, शिकाऊ आहे, घरचा माणूस म्हणून सांगतो." घरचा माणूस म्हणून.

आता मी काउंटरवर बसते. आलेल्या लोकांना पाणी देते, बिलं फाडते. माझे पाने दुसऱ्या मिस्त्रीच्या कप्प्यात गेले. या वर्कशॉपमध्ये गाडीखाली झोपून काम करणारी मी एकटी मुलगी होते. तिथे पोचायला मला दीड वर्ष लागलं, कारण पहिलं वर्षभर सर मला फोटो काढायला आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायला ठेवत होते. तुम्ही एका मेसेजमध्ये मला परत तिथे बसवलंत.

मला विचारायचं होतं, मामा. शिव्या घालून विचारायचं होतं. मी आले असते, रस्त्यात झोपून चाकं खोलली असती. तुम्ही माझ्या वरच्या माणसाकडे गेलात, जसं काही मी तुमच्याकडे रोजानं होते आणि मुकादमाला सांगितलं की बाईला काढा.

त्या वाट्या फेकू नका. मोतीरामच्या हाती पाठवा. चूक माझी असेल तर मी कबूल करीन. पण ती मी माझ्या डोळ्यांनी बघणार, लासलगावच्या लोकांच्या तोंडून ऐकणार नाही.

योगिनी


विंचूर, ६ नोव्हेंबर

योगिनी,

वाट्या पेपरात बांधून पाठवल्यात. बघ अन तोरण कर.

रडायचं काय कारण? काउंटरवर पंखा असतो, खुर्ची असती. पोरीच्या जातीला ते बरं. तुझ्या बापाच्या शेवंतीच्या वाफ्यात ऊन खाण्यापरीस चांगलं.

गोरक्षनं ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून नव्या वाट्या केल्या अन बसवल्या. एका दुपारीत. वरून तेल भरून दिलं. आता पाय ठेवला की गाडी जागेवर. येत्या १६ तारखेला, रविवारी, गडावर चाललो. मी, मामी अन सृष्टी. पहिली पत्रिका घेऊन.

मामा


नाशिक, १० नोव्हेंबर

मामा,

हे पत्र चहा बाजूला ठेवून वाचा.

तुम्ही पाठवलेल्या वाट्या परत फुगल्यात, अगदी पहिल्यासारख्या. टेम्पोची वाटी वाईट असती तर ती माझ्या तेलात दोन आठवड्यांत फुगली असती. ती तुमच्याकडे जाऊन फुगली. मग मी सृष्टीकडून दसऱ्याचे फोटो परत मागवून बघितले. तिनं स्टेटसला ठेवले होते, मी तेव्हा लाईक करून पुढे गेले होते. अंगणात ट्रॅक्टर, पंपाचं इंजिन, फवारणी यंत्र आणि फियाट, सगळ्यांना झेंडूच्या माळा, आमच्याच मळ्यातल्या. मध्ये तेलाचा नवा कॅन, त्याला हळदकुंकू. आणि तुम्ही त्या कॅनमधून फियाटच्या ब्रेकच्या डबीत तेल ओतताय. तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या तेलाचा कॅन आहे, मामा.

सृष्टीला विचारलं. ती म्हणाली, आबांची रीतच आहे ती, दसऱ्याला नवा कॅन उघडायचा आणि घरातल्या प्रत्येक यंत्राच्या तोंडात त्यातलं थोडं थोडं घालायचं. एका घरची लेकरं, एका ताटातलं जेवण.

रीत छान आहे. ब्रेकसाठी विष आहे. ट्रॅक्टरचं तेल खनिज तेल असतं, ब्रेकचं तेल वेगळं असतं, आणि ब्रेकचं रबर खनिज तेल पिऊन फुगतं. मी टेम्पोच्या दोन नव्या वाट्या आईच्या दोन काचेच्या ग्लासांत ठेवल्या, एकात ब्रेकचं तेल, दुसऱ्यात ट्रॅक्टरचं. आई ग्लासांवरून दोन दिवस बोलली. दोन्ही वाट्या सोबत पाठवते, बोटात धरून बघा. कोणती कशातली ते मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, आबांनी तीस वर्षं हेच केलं. केलं. आणि मला आठवतं, आबा दर दिवाळीनंतर ब्रेकच्या वाट्या बदलायला निफाडला जायचे आणि म्हणायचे, या गाडीचे ब्रेकच नाजूक. तेव्हा वाट्या दुकानात ढिगानं मिळायच्या, त्यामुळे चूक कधी कुणाला दिसली नाही. वाट्या बंद झाल्या तेव्हा दिसली, आणि ती माझ्या डोक्यावर फुटली.

गोरक्षनं भरलेलं तेलही त्याच कॅनमधलं असणार. ट्यूबचं रबर तर याहून लवकर मऊ पडेल. आधी ब्रेक छान लागतील. मग एकदा तुम्ही पाय दाबाल आणि पाय खाली जाईल, तिथे काही नसेल. तुम्ही ते गडावरून नांदुरीचा घाट उतरताना बघू नये एवढंच माझं म्हणणं आहे. रविवारी गडावर ही गाडी नेऊ नका.

सरांना खरं काय ते तुम्ही लिहून कळवा. तक्रार लिहून दिलीत, तर हेही लिहूनच द्यायला हवं.

योगिनी


विंचूर, १७ नोव्हेंबर

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हतो. आबांच्या रितीला विष म्हणणाऱ्या पोरीला काय उत्तर द्यायचं.

शनिवारी तू आलीस. मला वाटलं, आली बिचारी, चूक उमगली. मामीबरोबर पापड लाटलेस. माझ्या पाया पडलीस. अंगणात गाडीपाशी उभी होतीस तेव्हा मीच तुला म्हणलो, बघ, गोरक्षनं कशी केली. तू हसलीस सुद्धा.

अन रविवारी पहाटे गाडी सुरू होईना. नवी साडी नेसून मामी मागं बसलेली, सृष्टीच्या मांडीवर पत्रिका अन नारळ. अर्धा तास स्टार्टर मारला. गोरक्षला बोलावलं. तो म्हणला, मामा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा रोटर नाय. अंगठ्याएवढा काळा तुकडा, तो नाय. लासलगाव, निफाड, येवला, कुठंच मिळत नाय.

चोर कोण हे सांगायला पोलीस नको. शेवटी यष्टीनं गेलो. उभ्यानं. मामीचे गुडघे तुला ठाऊक हायत.

खंडेराव


नाशिक, १९ नोव्हेंबर

मामा,

हो, मीच काढला. तुम्ही आत टॉवेल आणायला गेलात तेव्हा. पाया पडले ते आधीच, कारण नंतर तुम्ही पडू दिलं नसतं.

रोटर माझ्याकडे आहे आणि मी तो परत देणार नाही. मीच गेले कित्येक महिने या गाडीच्या बारीक वस्तूंसाठी नाशिक पालथं घातलं, त्यामुळे कशाला पर्याय मिळतो आणि कशाला मिळत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. याला सहज मिळणार नाही. म्हणून हाच काढला.

मी तुम्हाला पुरावा पाठवला होता. दोन वाट्या, हातात धरून बघता येतील अशा. तुम्ही बघितल्या का? मला नाही वाटत. सृष्टी म्हणते, पुडी देवघराच्या कोनाड्यात तशीच बांधलेली आहे. मी शिकले, तुम्ही मार्केटात मिरवलंत. आणि जेव्हा ते शिक्षण एकदाच तुमच्या कामी यायचं होतं तेव्हा ते तुम्हाला पोरीनं तोंड चालवणं वाटलं. मग माझ्याकडे चोरीशिवाय काय उरलं होतं? मामीच्या गुडघ्यांचं मला वाईट वाटतं. घाटात जे दुखलं असतं त्याहून ते कमी आहे.

पोलिसात जायचं तर जा. मी तिथेही हेच सांगीन.

योगिनी


विंचूर, २५ नोव्हेंबर

योगिनी,

मामीनं कागद-पेन पुढ्यात आणून ठेवलं म्हणून लिहितोय, नायतर लिहिलं नसतं.

शुक्रवारी गाडी अंगणातून शेडात ढकलायची होती. पाऊल-दोन पाऊल उतार हाय तिथं, तुला ठाऊक हाय. गोरक्ष आत बसला, आम्ही मागून रेटली. उतारावर मी म्हणलं, दाब. तो म्हणला, दाबलाय. गाडी गेली ती कांद्याच्या चाळीत. चाळीची एक बाजू आडवी झाली, पुढचा बंपर वाकला, कांदा सगळ्या अंगणभर. गोरक्षला काही झालं नाय. पाय खालीच होता त्याचा, दाबलेलाच, अन तो नुसता माझ्याकडं बघत होता.

मामी देवघरात गेली, पुडी आणली, माझ्या हातावर सोडली. एक वाटी टणक, एक लिबलिबीत. तेव्हापासून चार दिवस माझ्याशी बोलत नाय.

गाडी पिकअपवर बांधून तुझ्या वर्कशॉपला पाठवतो. लग्न १४ तारखेला हाय. पोरगी याच गाडीतून जाईल, आबांचा शब्द हाय. तू कर. चाळीचं नंतर बोलू.

मामा


नाशिक, २८ नोव्हेंबर

मामा,

गाडी आली. मी तिला हात लावलेला नाही.

सर म्हणाले, "घरची गाडी आहे तुझी, तेवढी कर खाली बसून. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं नंतर बघू." मी नाही म्हणाले. घरच्यांची गाडी बिघडली तरी चालते म्हणून मला द्यायची, असा त्याचा अर्थ होतो. मी एकतर सगळ्या गाड्यांची मिस्त्री आहे नाहीतर कुणाचीच नाही. सर हसले आणि म्हणाले, तुझ्या मामांनीच लिहून दिलंय, मी काय करू.

तेच मी तुम्हाला विचारते. तुम्ही काय करणार आहात? चाळ पडली, वाटी हातात आली, मामी बोलत नाही, तरी तुमच्या पत्रात "तेल मी घातलं" हे तीन शब्द नाहीत. मला माफी नको. मामानं भाचीची माफी मागितलेली मलाही बघवणार नाही. पण माझ्या नावावर जे लिहिलंय ते खोटं आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणी खोडू शकत नाही.

तोवर गाडी ताडपत्रीखाली आणि मी काउंटरवर. सृष्टीच्या लग्नाला मी येईन, तिला बैलगाडीतून पाठवलंत तरी.

योगिनी


अंबड, नाशिक, तुझ्या वर्कशॉपच्या फाटकाबाहेर, १ डिसेंबर

योगिनी,

हे वॉचमनच्या हाती आत देतोय. तू काउंटरवर दिसली नाहीस, तो म्हणला बँकेत गेलीय.

तुझ्या शेठच्या केबिनीत जाऊन आलो. कागदावर लिहून दिलं. तेल मी घातलं, ट्रॅक्टरचं घातलं, वाट्या बरोबर होत्या, पोरगी बरोबर होती, खंडेराव चुकला. सही केली, खाली तारीख टाकली. त्यानं वाचलं, घडी घातली अन म्हणला, मामा, छान झालं, गैरसमज मिटला. पण आता खाली दुसरे मिस्त्री लागलेत, बाई काउंटरला चांगली शोभते, गिऱ्हाईक खूश असतं. तुमची गाडी दुसरा माणूस करून देईल.

शोभते म्हणला. मी बी तुला असलंच लिहिलं होतं, खुर्ची अन पंखा. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगाची आग झाली.

मी म्हणलं, शेठ, मग माझी गाडी मला द्या. तो म्हणला, ब्रेक नाहीत तिला. मी म्हणलं, ते मला तुमच्या आधीपासून ठाऊक हाय. मोतीराम अन मी, दोघांनी रेटून फाटकाबाहेर काढली. रस्त्याच्या कडेला उभी हाय, अर्धी कंपनी जेवणाच्या सुटीत बघून गेली. चाकाला दगड लावलाय. मी आत बसलोय. कोणी विचारलं तर सांगतो, मिस्त्रीणबाईची वाट बघतोय, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाय. दोघांनी आपले नंबर देऊन ठेवलेत, त्यांच्या घरी बी जुन्या गाड्या हायत.

मी अजून रागातच हाय. चाळ पडलेली तशीच हाय अन मामी अजून बोलत नाय. पण आता राग तुझ्यावर किती अन माझ्यावर किती, याचा हिशेब लागत नाय, तेव्हा तो शेठवर ठेवलाय.

तुझे पाने त्या कप्प्यातून मागून घे. दिले नाय तर तशीच ये, निफाडवरून आणू. पण बाहेर ये. तू येईपर्यंत दगड काढणार नाय.

मामा